कळ दाबली, पण चूल पेटेना

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मुलामुलींकडे उन्हाळ्याचे चार-सहा महिने राहून येणारे आईवडील आता आपल्याकडील मराठी घरांत दुर्मीळ राहिलेले नाहीत. इंदूर काय, ग्वाल्हेर काय किंवा बडोदे काय, दर चार घरांमागे एखादे तरी असे जोडपे भेटते. परतल्यावर ही मंडळी जे सांगतात त्यात तेथील घरामागच्या अंगणातील चुलीचा उल्लेख बहुधा येतोच. ही चूल पूर्वी कोळशाची असे, पुढे गॅसची आली, आणि आता पुष्कळ घरी 'पेलेट ग्रिल' नावाचे विजेवर चालणारे परंतु लाकडावर जळणारे यंत्र आले आहे. कळ दाबावी, तापमान ठरवावे आणि खुर्ची ओढून बसावे, एवढेच काम. फुंकणी नको की पंखा नको.

मात्र कधीतरी कळ दाबूनही ही चूल पेटत नाही. शनिवारची दुपार असते, पाहुणे आलेले असतात, मुलगा किंवा जावई पुन्हा कळ दाबतो, तिसऱ्यांदा दाबतो, आणि नेमके तेच करावयाचे नसते. हे यंत्र न पेटण्याची कारणे मोजकी आहेत व त्यांतील बहुतेक घरच्या घरी उमगतात. पण न पेटलेले ग्रिल आतील जळण काढून न टाकता पुनःपुन्हा सुरू करणे हे मनुष्य भाजण्याचे कारण होऊ शकते. तेथे राहावयास जाणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे ठाऊक असलेले बरे, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम यंत्राची ओळख. १९७३ आणि १९७९ साली तेलाचे भाव भडकल्यावर अमेरिकेत घर उबदार ठेवण्यासाठी लाकडी भुशाच्या पेलेटवर चालणाऱ्या शेगड्या निघाल्या. ऑरेगन राज्यातील माउंट एंजल या लहान गावी घरे तापविण्याच्या साधनांचा धंदा करणाऱ्या ट्रेगर कुटुंबातील जो ट्रेगर यांनी १९८० च्या दशकाच्या मध्यास हीच कल्पना अन्न भाजण्याच्या चुलीला लावली. त्यांच्या पेटंटची मुदत २००६ साली संपली आणि मग अनेक कारखानदार या धंद्यात उतरले. म्हणून आज मुलाच्या घरी कोणत्या कंपनीचे ग्रिल असेल हे सांगता येत नाही, परंतु आतील रचना थोड्याफार फरकाने सर्वत्र एकच असते.

पेलेट म्हणजे लाकडाचा भुसा प्रचंड दाबाखाली छिद्रांतून काढून केलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाडीच्या कांड्या. व्यास सुमारे ६ मिलिमीटर. त्यांना बांधून ठेवण्यास डिंक लागत नाही, कारण लाकडातच असलेले लिग्निन नावाचे द्रव्य दाबाने व उष्णतेने मऊ होते आणि थंड झाल्यावर भुशाला धरून ठेवते. चांगल्या पेलेटमध्ये ओलावा शेकडा दहाच्या आतच असतो. ग्रिलच्या एका अंगाला पिठाच्या गिरणीला असते तसे नरसाळे असते, त्यात हे पेलेट ओततात. नरसाळ्याच्या तळाशी असलेल्या नळीत मळसूत्राच्या आकाराचा लोखंडी दांडा अगदी सावकाश फिरतो व पेलेट पुढे ढकलीत नेऊन एका लहानशा लोखंडी वाटीत टाकतो. या वाटीला भोके असतात. त्यांतून एक छोटा पंखा हवा फुंकतो, आणि वाटीच्या तळाशी बोटाएवढी एक तापकांडी असते. पाणी तापविण्याच्या आपल्याकडील विजेच्या रॉडची ही धाकटी बहीणच म्हणावयाची. कांडी लाल होते, तिला टेकलेले पेलेट धुमसू लागतात, पंख्याच्या हवेने ज्वाला धरते, आणि चार-सहा मिनिटांनी कांडीची वीज आपोआप तुटते. पुढे आगीवर आग चालू राहते. वाटीच्या वर एक जाड पत्रा, त्यावर चरबी-तेल गळून जाण्याचा उतरता पत्रा, आणि सर्वांत वर अन्नाची जाळी.

येथवर सारे सोपे आहे. आता जी गोष्ट लक्षात घ्यावयाची ती ही, की या बुद्धिमान म्हणविणाऱ्या यंत्राला डोळे नाहीत. बहुतेक ग्रिलांच्या नियंत्रकाला वाटीत ज्वाला आहे की नाही हे दिसत नाही. झाकणाखालील पोकळीत एक तापमान मोजणारी सळई असते, तिच्याकडून त्याला जेवढे कळते तेवढेच. आत गार आहे असे कळले की तो समजतो, जळण कमी पडते आहे, आणि आणखी पेलेट पाठवितो. आग विझलेली असली, किंवा पेटलीच नसली, तरी तो पाठवीतच राहतो. काही वेळाने आपण होऊन थांबून चुकीची खूण दाखविण्याची सोय पुष्कळ यंत्रांत आहे, परंतु तोवर वाटी काठोकाठ भरून बाहेर सांडलेली असते. त्यानंतर पुन्हा कळ दाबली म्हणजे या ढिगावर आणखी भर पडते.

ज्यांनी पितळी पंपाचा रॉकेल स्टोव्ह वापरला आहे त्यांना पुढचे समजावून सांगण्याची गरज नाही. बर्नर पुरता तापण्यापूर्वीच पंप मारला तर रॉकेलची वाफ न होता ते पातळच बाहेर येई आणि मग छतापर्यंत भडका! येथेही तसेच घडते. ढिगाच्या तळाशी कोठेतरी ठिणगी असते, पण वरच्या ओझ्याने हवा कोंडलेली असते. लाकूड जळत नाही, नुसते शिजते. दाट, पांढरट-पिवळा धूर झाकणाच्या फटींतून बाहेर येऊ लागतो. हा धूर म्हणजे निव्वळ धूर नव्हे. कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोजन, मिथेन व डांबरी वाफा असे जळू शकणारे वायू त्यात असतात. पोकळी या वायूंनी भरली असता तळाशी एकदम ज्वाला उठली, किंवा कोणी वाकून पाहण्यासाठी झाकण उघडले व हवा आत शिरली, की सगळा वायू एका क्षणात पेटतो. जड लोखंडी झाकण उडून उघडावे इतका त्याचा जोर असतो. वाकलेल्याच्या भुवया तरी जातात, नाहीतर त्याहून वाईट.

तेव्हा दाट धूर येत आहे आणि तापमान मात्र चढत नाही असे दिसले की मुलांना दूर न्यावे, कळ बंद करून प्लग काढावा, झाकण उघडू नये व पाणीही ओतू नये. पूर्ण थंड होईपर्यंत थांबावे. पाहुण्यांना त्या दिवशी घरात पिठले-भात वाढावा, त्यात कमीपणा काही नाही.

थंड झाल्यावर जाळी व दोन्ही पत्रे काढून वाटी पूर्ण रिकामी करावी. वाटीबाहेर सांडलेले पेलेटही वेचून काढावेत आणि हे सारे झाकणाच्या लोखंडी बादलीत टाकावे, कागदी पिशवीत नव्हे. राखेत निखारा एक दिवसही जिवंत राहू शकतो.

मग परीक्षा घ्यावी. वाटी रिकामी, पत्रे बाहेर, झाकण उघडे, आणि वेळ शक्यतो संध्याकाळच्या अंधुक उजेडाची. यंत्र सुरू करावे व वाटीवर तोंड न आणता बाजूस उभे राहून पाहावे. तीन गोष्टी दिसल्या पाहिजेत. पंख्याचा घरघराट ऐकू यावा व वाटीच्या भोकांतून वारा जाणवावा. थोड्या वेळाने एकेक पेलेट टपटप पडू लागावा. आणि दोन-तीन मिनिटांत तापकांडीचे टोक लालसर दिसावे. यांपैकी जे घडत नाही तेथे दोष आहे. वैद्याने नाडी पाहावी तसा हा प्रकार असून निम्म्याहून अधिक निदान एवढ्यातच होते. तिन्ही गोष्टी ठीक आढळल्या तर पुढचा संशय राखेवर आणि पेलेटवर. परीक्षा झाली की पडलेले पेलेट पेट घेण्यापूर्वीच यंत्र बंद करावे. पेटलेच तर त्यांना जळून जाऊ द्यावे.

पेलेट पडतच नसतील तर आधी नरसाळ्यात डोकवावे. पुष्कळदा वरून ते भरलेले दिसते, पण मधोमध विहिरीसारखा खळगा पडलेला असतो आणि मळसूत्र रिकामेच फिरत असते. लाकडी काठीने ढवळले की काम भागते. मागच्या खेपेस पेलेट संपूनच चूल विझली असेल तर सबंध नळी रिकामी असते व ती भरण्यास काही मिनिटे लागतात. तेवढ्यात तापकांडीची पाळी संपून ती विझते, मग पेलेट येतात, पण पेटविणारे कोणी नसते! अशा वेळी आधी पेलेट वाटीत पडू लागेपर्यंत यंत्र चालवावे, नंतर वाटी रिकामी करून पुन्हा नव्याने सुरुवात करावी.

मोटार फिरते परंतु मळसूत्र फिरत नाही, असे आढळले तर दोघांना जोडणारी पिन तुटलेली असण्याचा संभव असतो. ही पिन मुद्दाम मऊ धातूची केलेली असते. मळसूत्र अडकले असता मोटारीचे दाते तुटण्याऐवजी पिनेने तुटावे अशी योजना आहे, म्हणजे विजेच्या फ्यूजचेच तत्त्व. आपल्या स्वभावाप्रमाणे तेथे चांगला मजबूत खिळा ठोकण्याचा मोह होतो, तो आवरावा. आणि पिन का तुटली हेही पाहावे. बहुतेक वेळा नळीत भिजलेल्या पेलेटचा भुसा फुगून सिमेंटासारखा घट्ट बसलेला असतो. प्लग काढून, मोटार सोडवून, दांडा पान्ह्याने उलट-सुलट हलवीत बाहेर काढावा लागतो. काम कष्टाचे आहे, अवघड नाही.

पेलेट पडतात पण कांडी लाल होत नाही, ही तक्रारही वारंवार ऐकू येते. या कांड्या कायमच्या टिकण्यासाठी नसतातच. प्रत्येक वेळी लाल होणे व निवणे यात त्या झिजतात. येथे मल्टीमीटर असल्यास फार उपयोग होतो. प्लग काढून, कांडीच्या दोन तारा सोडवून त्यांमधील रोध मोजावा. अमेरिकेतील घरगुती वीज १२० व्होल्टची आणि पुष्कळ कांड्या २०० ते ३०० वॉटच्या, तेव्हा हिशेबाने रोध सुमारे ५० ते ७० ओहमच्या आसपास यावा. काटा हललाच नाही तर आतील तार तुटली, शून्याजवळ आला तर आत चिकटली. दोन्ही परिस्थितींत कांडी बदलावयाची. रोध ठीक असेल तर दोष कांडीत नसून तिला वीज देणाऱ्या तारेत, फ्यूजमध्ये किंवा नियंत्रकात. कांडी बसविताना तिचे टोक वाटीत थोडेसे डोकावत आहे ना हेही पाहावे. मागे सरकलेली कांडी स्वतःपुरती लाल होते व पेलेट गारच राहतात.

कधी असे होते, की ग्रिल सुरू करताच भिंतीवरील सॉकेटच बंद पडते. तेथील घराबाहेरच्या सॉकेटात वीज जमिनीकडे गळू लागताच प्रवाह तोडणारी सोय असते. कांडीचे कवच तडकून आत दमटपणा शिरला की गळती सुरू होते. प्लग काढून कांडीच्या तारा सोडवाव्यात, उघडी टोके झाकावीत व पुन्हा सुरू करून पाहावे. सॉकेट बंद पडले नाही तर चोर सापडला. सॉकेट सारखे बंद पडते म्हणून ती सोय नसलेल्या दुसऱ्या सॉकेटात प्लग घालणे हा मात्र जिवाशी खेळ आहे.

लांबलचक व बारीक तारेच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. कांडीची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, म्हणजे तारेत व्होल्टेज शेकडा दहाने घटले तर उष्णता जवळजवळ एकोणीस टक्क्यांनी घटते. पडवीतून ओढलेल्या पन्नास फुटी तारेवर चूल पेटत नाही आणि भिंतीशेजारी नेली की पेटते, याचे गूढ एवढेच.

ओघात एक सूचना. सुटे भाग इकडून घेऊन जाण्याची आपल्याला आवड असते. आपल्याकडील २३० व्होल्टची कांडी तेथे १२० व्होल्टवर लावली तर जेमतेम पावपट उष्णता मिळेल. उलट कोणी हौसेने तेथील सबंध ग्रिल इकडे आणून सरळ आपल्या सॉकेटात घातले तर कांडीवर पावणेचार पटीच्या जवळपास भार पडून ती जळेल. व्होल्टेज उतरविणारा ट्रान्सफॉर्मर लावला तरी अडचण उरतेच. ज्या ग्रिलांत मळसूत्राची मोटार थेट उलटसुलट प्रवाहावर चालते, ती अमेरिकेच्या ६० आवर्तनांऐवजी आपल्या ५० आवर्तनांवर सुमारे एक षष्ठांशाने मंद फिरते व जळण कमी पडते.

यंत्राचे सगळे अवयव ठीक असूनही चूल धुमसते व पेटत नाही, तेव्हा आपल्या घरातील तांब्याचा बंब आठवावा. ग्वाल्हेरच्या थंडीत पहाटे बंब पेटविणारी पिढी अजून हयात आहे. मधल्या नळकांड्यात करवंट्या व ढलप्या घालण्यापूर्वी खालची जाळी झटकून घ्यावयाची, हे त्या वेळी लहान मुलालाही कळत असे, कारण जाळी राखेने बुजली तर सारे घर धुराने भरे. आमच्या परिचयाचे एक निवृत्त शिक्षक मुलीकडे ओहायोत गेले असता जावयाने नव्या कांडीची मागणी नोंदविली होती. कांडी येण्यास आठवडा होता. मास्तरांनी वाटी पाहावयास मागितली. तिची निम्मी भोके राखेने बंद होती आणि तळाशी बोटभर राख बसून कांडी तिच्यात पुरलेली होती! केस विंचरण्याचा जुना ब्रश आणि एक दाभण एवढ्या सामग्रीवर त्यांनी वाटी मोकळी केली. नवी कांडी आली ती फडताळात पडून आहे. चांगल्या पेलेटची राख शेकडा एकाहूनही कमी पडते हे खरे, पण वाटी असते बशीएवढी. दोन-तीन वापरांनंतर ती साफ झालीच पाहिजे.

पेलेटची पारख अवघड नाही. कोरडा पेलेट चमकदार असतो व मोडताना 'कट्' असा आवाज करतो. ओल लागलेला निस्तेज दिसतो, बोटांत दाबताच भुगा होतो. एक पेलेट वाटीभर पाण्यात टाकून मुलांना दाखवावा, काही मिनिटांत तो फुगून लापशी होते. म्हणून पावसाळी हवेत नरसाळे भरून ठेवू नये, उरलेले पेलेट घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत. घरे तापविण्यासाठी मिळणारे स्वस्त पेलेट अन्नाच्या चुलीत वापरू नयेत. त्यांत कोणते लाकूड व काय मिसळले आहे याची खात्री नसते.

चूल पेटून मध्येच विझत असेल तर बहुधा वारा, वारंवार उघडलेले झाकण, किंवा काजळी धरलेली तापमानाची सळई ही कारणे निघतात. काजळी ओल्या फडक्याने पुसावी.

आणखी एक सवय बदलावी लागते, आणि ती नेमकी आपली चांगली सवय आहे. वापर झाला की लगेच प्लग काढणे आपल्या अंगवळणी पडले आहे. पेलेट ग्रिल मात्र बंद करण्याची कळ दाबल्यावरही काही मिनिटे पंखा चालवीत राहते, वाटीतील उरलेले पेलेट जाळून टाकण्यासाठी. त्याआधीच प्लग ओढला तर अर्धवट जळलेला थर वाटीत राहतो व पुढच्या खेपेस चूल पेटत नाही. क्वचित त्याहून वाईट म्हणजे आग नळीतून मागे नरसाळ्याकडे सरकते. पंखा आपण होऊन थांबेपर्यंत प्लगला हात लावू नये.

कांडी बिघडली आहे आणि नवी येण्यास वेळ आहे, तोवर हाताने पेटविता येते का? पुष्कळ ग्रिलांच्या माहितीपुस्तिकेत तशी रीत दिलेली असते, ती असेल तरच करावी. रिकाम्या वाटीत मूठभर पेलेट, त्यावर चूल पेटविण्याच्या मेणवडीचा तुकडा आणि लांब काडी. ज्वाला चांगली धरल्यावर हातमोजे घालून पत्रे बसवावेत व मग यंत्र सुरू करावे. रॉकेल वा पेट्रोल यांचे नावही काढू नये. सुरू करताना झाकण उघडे ठेवावयाचे की मिटलेले, हे प्रत्येक बनावटीत वेगळे असते, तेही पुस्तिकेतच पाहावे. आणि थंडी-पाऊस कितीही असो, हे ग्रिल मोटारीच्या गॅरेजात किंवा बंदिस्त व्हरांड्यात पेटवू नये. बंद खोलीतील कोळशाच्या शेगडीने आपल्याकडे माणसे गेली आहेत, तोच विषारी वायू येथेही निघतो.

शाकाहारी घरांना या चुलीचा काय उपयोग, असा प्रश्न काही भगिनी विचारतात. भरिताचे वांगे येथे उत्तम होते. ज्वाला पत्र्याखाली असल्यामुळे साल गॅसवर करपते तशी करपत नाही, आणि धुराचा वास मात्र आतपर्यंत पोचतो. वांग्याला तेलाचा हात लावून, दोन-चार ठिकाणी टोचून, २०० अंश सेल्सियसच्या आसपास ठेवावे. मोठ्या वांग्याला पाऊण तास ते एक तास लागतो. तेथील आकडे फॅरनहाइटमध्ये असतात, तेव्हा ४०० लावावे.